इनचोलचा दगडी पलंग

बोंगह्वा, ३ डिसेंबर

इनचोल,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. मेसेज पाठवला की तू वाचतोस हे मला कळतं, आणि वाचून गप्प बसतोस हेही कळतं. तुझ्या बायकोला फोन केला की "ते शिफ्टला गेलेत" हे ठरलेलं. गोजेच्या जहाजाच्या कारखान्यात शिफ्ट असते हे मान्य, पण माणूस कधीतरी जेवायला तरी घरी येत असेल ना? असो. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र.

आईला आंदोंगच्या हॉस्पिटलमधून घरी आणलं. आतड्याचा कॅन्सर मणक्यात उतरला आहे, यकृतातही आहे. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं. आईने नंतर त्यांना खाटेशी बोलावून मोठ्या आवाजात विचारून घेतलं. मग म्हणाली, "बरं. मग मला माझ्या खोलीत नेऊन टाका. इथली पेज कुत्रासुद्धा हुंगणार नाही." डॉक्टर हसले. मी हसले नाही.

घरी आल्या आल्या ती तुझ्या दगडी पलंगावर जाऊन पडली. तुला आठवतो का तो पलंग, की दुकानातून परस्पर पाठवलास म्हणून पाहिलाही नाहीस? चार माणसांनी धापा टाकत ट्रकमधून उतरवला होता. भलामोठा सपाट दगड, बटण फिरवलं की आतून तापणारा. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. बाबांच्या श्राद्धाला तू वाकायला नाही म्हणालास, तुझ्या चर्चमध्ये ते चालत नाही म्हणालास, आणि आईने तुला उंबऱ्याबाहेर काढलं, त्याच्याच पुढच्या हिवाळ्यात तो आला. मला वाटलं होतं ती परत पाठवेल. दिवसभर तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी बघते तर बाईसाहेब वर आडव्या होऊन कंबर शेकतायत.

तुझं नाव ती अजून घेत नाही. "गोजेवाला" म्हणते, जणू तू मासळी विकायला येतोस. काल म्हणाली, "गोजेवाल्याने दगड पाठवला. स्वतःसारखाच. पण हा निदान तापतो तरी."

बाकी सगळं ठीक. पेज दोन घास जास्त खाते. माकडहाडापाशी थोडी लाली आली आहे, मी तीळतेल लावून चोळते. मी शाळेच्या स्वयंपाकघरातून रजा घेतली आहे आणि नवऱ्याला योंगजूला एकटा ठेवला आहे. त्याला भात लावता येतो, मरणार नाही.

तुझ्याकडून काही नको. कळवायचं म्हणून कळवलं.

हेसुक


१४ डिसेंबर

इनचोल,

मागच्या पत्रात मी ती लालीची गोष्ट अगदी सहज लिहिली होती. ती सहज नव्हती. तेव्हाच ती माझ्या तळहाताएवढी होती आणि बोटाने दाबली तरी पांढरी होत नव्हती. तुला घाबरवायचं नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, तू म्हणशील, ताई घरात असून आईची पाठ सांभाळता येत नाही.

आता घरी नर्स येते, आठवड्यातून दोनदा. प्यो बाई. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, अंगणात गाडी अशी थांबवतात की शेजारच्या छिलगोकवाल्या काकूंच्या कोंबड्या उडतात. त्यांनी आईला कुशीवर केलं, पाठ पाहिली आणि माझ्याकडे वळल्या.

"हे चोळलं कोणी?"

"मी. तीळतेलाने."

"तेल आता भाजीला वापरा. आतलं मांस आधीच घुसमटलंय, त्याला चोळून आणखी फाडायचं का?" मग त्यांनी दगडावर हात ठेवला आणि झटकन उचलला. "बाई गं! यावर चहा उकळेल की."

इनचोल, मला कुणी असं सांगितलंच नव्हतं. आजारी माणसाला ऊब द्यायची, एवढंच आपल्याला माहीत. घरातली सगळ्यात गरम जागा मोठ्यांची, हे आपण चालायला लागण्याआधी शिकलो. चुलीच्या बाजूची जमीन बाबांची, तिच्या शेजारची आईची, दाराकडची थंडगार माझी, आणि तू आईच्या कुशीत. मी बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवत होते आणि मला वाटत होतं की मी तिची सेवा करते आहे.

प्यो बाईंनी समजावून सांगितलं. वर हाड, खाली दगड, मध्ये बिचारी कातडी. ती चिमटून मरते. त्यात हा शेक. आणि आईच्या छातीवर वेदनेची जी पट्टी चिकटवतात, तिच्यातलं औषध उष्णतेने भसकन अंगात जातं. मग ती गुंगीत पडून राहते, कूस बदलत नाही, भाजतंय हेसुद्धा तिला कळत नाही. "हा बेडसोर आहे, हेसुकताई, आणि अर्धा भाजलेला," त्या म्हणाल्या. मधला भाग काळा पडला आहे. चामड्यासारखा.

त्यांनी हवेची गादी आणून दिली. तिच्यातल्या नळ्या आळीपाळीने फुगतात आणि बसतात. आम्ही दोघींनी ती दगडावर अंथरली आणि बटण बंद केलं. आईने डोळे उघडले.

"बटण बंद केलंस?"

"हो आई. पाठीला—"

"मी मेले का?"

"असं काय बोलतेस!"

"मेलेल्याच्या खोलीतला विस्तव विझवतात. मी अजून पेज मागते आहे ना? मग लाव. आणि हा फुगा काढ माझ्या खालून. मला माझा दगड लागला पाहिजे."

प्यो बाईंनी आजीबाई-आजीबाई करून पाहिलं. मी रडून पाहिलं. गादी निघाली. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही, आणि छिलगोकवाल्या काकू आल्या की त्यांच्याकडून बटण लावून घ्यायची. काकू पण "हो हो, शेक हवाच, रक्त फिरायला नको का" करत लावायच्या.

इनचोल, तिला दगड नको आहे. दगडावर कुणाला झोपायचं असतं? तुझ्याकडून आलेली तेवढी एकच वस्तू तिच्या अंगाखाली आहे, म्हणून ती उतरत नाही. हे लिहिताना माझा जळफळाट होतो, तरी लिहिते. दोन-दोन तासांनी तिला कुशीवर करणारे हात माझे आहेत, आणि ती चिकटून बसली आहे तुझ्या दगडाला.

मी सांगून ती उतरणार नाही. तू सांगितलंस तर उतरेल. एक फोन कर. "आई, मऊ जागेवर झोप," एवढंच म्हण. तिची माफी मागू नकोस, श्राद्धाचा विषय काढू नकोस, तुझा देव तुझ्यापाशी ठेव. फक्त एवढं.

ताई


२४ डिसेंबर

इनचोल,

तुझं पार्सल मिळालं.

मी ते अंगणातच उघडलं. आधी वाटलं औषध असेल, मग वाटलं गादी असेल. निघाली खड्यांची चटई. हिरवे गुळगुळीत खडे शिवलेली, विजेवर तापणारी, आणि वर तुझ्या अक्षरात चिठ्ठी: "हिवाळा कडक आहे. आईला ऊब मिळो. आम्ही प्रार्थना करतो आहोत."

मी मागचं पत्र कोरियन भाषेतच लिहिलं होतं ना? की आजकाल तू फक्त पहिल्या दोन ओळी वाचतोस? मी लिहिते शेकाने आईची पाठ भाजली, आणि तू आणखी शेक पाठवतोस. मला अंगणात उभ्या उभ्या हसू फुटलं. छिलगोकवाल्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय गं, मुलाने पाठवलं? बघ, लांब असला तरी विसरत नाही." मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

ती चटई आईला दाखवली नाही. कोठीत मुळ्यांच्या टोपल्यांमागे ठेवली आहे. दाखवली असती तर तीही अंगाखाली मागितली असती.

आता तुला जे ऐकायचं नाही ते ऐक. मंगळवारी प्यो बाईंनी ते काळं कापून काढलं. खाली खड्डा आहे. माझी अर्धी मूठ मावेल एवढा. तळाशी पिवळं, कडेला लाल, आणि वास. मी सत्तावीस वर्षं शाळेत स्वयंपाक केला, उन्हाळ्यात नासलेली मासळी उपसून टाकली, पण असा वास मला माहीत नव्हता. खोलीत कॉफीचा चोथा वाट्यांमध्ये भरून ठेवला आहे. प्यो बाई गोळ्यांची पूड करून जखमेवर टाकतात, त्याने थोडा मरतो. आई स्वतःच नाक मुरडते. "मी आधीच सडायला लागले का गं?" म्हणते. परवा दोंगजीचा, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीचा दिवस होता, मी लाल दाण्यांची पेज केली, तर तिने वाटी परत दिली. "इथे बसून खाऊ नकोस, बाहेर जाऊन खा," म्हणाली. मी तिथेच बसून खाल्ली, वाटी संपेपर्यंत. मग परसात जाऊन सगळी ओकले.

जखम धुताना ती ओरडत नाही. ओठ आवळून पलंगाची कड धरते. तुझ्या पलंगाची. शेक आता कमी ठेवते मी, काकूंना दम दिला आहे, पण दगड तो दगड. खड्डा खोल होतो आहे. प्यो बाईंनी स्पष्ट सांगितलं: कॅन्सरने जायच्या आधी ही जखम तिला खाईल, ताप येईल, हाड उघडं पडेल. दगडावरून उतरल्या तर उरलेले दिवस जरा सुखाचे जातील. निदान झोप लागेल. बस, एवढीच आशा आहे. ती वाचावी असं आता मी मागत नाही. तिला पाठ टेकता यावी एवढंच मागते.

आज रात्री तुमच्या चर्चमध्ये दिवे लागतील, तू गाशील. तुझा आवाज चांगला आहे, लहानपणी शाळेत तूच पुढे उभा असायचास. प्रार्थना कर, जरूर कर. पण नंतर बसमध्ये बस. गोजेहून इथे यायला एक दिवस पुरतो.

हेसुक


६ जानेवारी

इनचोल,

तू आईला फोन केलास.

शुक्रवारी, जेवणानंतर. मी परसात होते, तिथे माझ्या फोनवर आलास. आईचा डोळा लागला होता म्हणून तू तिला उठवू दिलं नाहीस. तू विचारलंस, पाठ कशी आहे. मी सगळं सांगितलं. मग तू म्हणालास, "ताई, आईला सांग, पलंग मी पाठवला होता तो तिला आराम पडावा म्हणून. त्याने त्रास होत असेल तर तो माझा पलंग नाही. तिला म्हणावं, मऊ जागेवर झोप." आवाज भरून आला होता तुझा.

हे सगळं मी आईला सांगितलं. एकही शब्द खरा नव्हता, हे तुला ठाऊकच आहे.

मी दुसरं काय करणार होते? आदल्या दिवशी ड्रेसिंग काढताना प्यो बाई काही बोलल्या नाहीत. एरवी त्यांचं तोंड बंद नसतं. त्यांनी मला नुसतं बोटाने दाखवलं, आणि खाली पांढरं दिसलं. ते हाड होतं. आपल्या आईचं हाड मी पाहिलं, इनचोल. त्यानंतर मला खोटं बोलायला काही वाटलं नाही.

आईने ऐकून घेतलं. मग विचारलं, "पाठीचं विचारलं त्याने?"

"हो."

"आपणहून?"

"आपणहून."

"आणि आवाज भरून आला म्हणतेस."

"हो गं आई."

"हं," म्हणाली. आणि मग, "आण तुझा फुगा."

प्यो बाईंना फोन केला तर त्या चपला न बदलता आल्या. आम्ही तिला चादरीत धरून उचललं. ती किती हलकी झाली आहे हे तुला सांगून कळणार नाही. पलंग सरकवायला दोन माणसं लागली असती, म्हणून तो आहे तिथेच आहे, आणि गादी खिडकीपाशी जमिनीवर अंथरली आहे. अंगावर दोन रजया, पायाशी गरम पाण्याची बाटली, टाचांखाली उशी. संध्याकाळी तिने स्वतःहून पेज मागितली. मग तिला झोप लागली, तोंड उघडं टाकून, घोरत. मी शेजारी बसून ते घोरणं ऐकत होते. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आता माझं ऐक. मी तुझ्या नावाने खोटं बोलले, ते मी निस्तरेन. पण ते खरं करणं फक्त तुझ्या हातात आहे. कधीही कर. उद्या कर. एकदा तुझा खरा आवाज तिच्या कानावर पडला की मी सुटले, तूही सुटलास.

ताई


१८ जानेवारी

इनचोल,

तुझा फोन आता दर रविवारी येतो. तू फार छान बोलतोस. मागच्या रविवारी तू तुझ्या धाकटीच्या दाताची गोष्ट सांगितलीस, ती मी आईला सांगितली. तुझ्या धाकटीचे दात पडायला लागलेत की नाही हे मला माहीत नाही. वय तेवढं असेल असा अंदाज केला.

आई ऐकते. मान हलवते. "हं, आणखी काय म्हणाला?" असं विचारते, आणि मला आणखी काहीतरी रचावं लागतं. कालच्या "फोनवर" तू तिच्या हातच्या दोएनजांगच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या साराची आठवण काढलीस. त्यावर ती म्हणाली, "त्याला ते कधी आवडायचं?" मी म्हटलं, माणसाची चव बदलते. "बदलत असेल," म्हणाली.

जखम स्वच्छ झाली आहे. वास जवळजवळ गेला. कडेला लाल, जिवंत मांस दिसतं. मी प्यो बाईंना विचारलं, "भरेल ना आता?" त्या म्हणाल्या, "नाही भरणार. भरायला अंगात जे लागतं ते आता त्यांच्यात नाही. पण दुखत नाही, वास नाही, झोप लागते. हेसुकताई, एवढं पुष्कळ आहे." त्या दिवशी मला त्यांचा राग आला. आता वाटतं, खरंच पुष्कळ आहे.

माझं मनगट सुजलं आहे, वळवून वळवून. आईने काल ते पाहिलं आणि धरून ठेवलं. आपल्या आईला गोड बोलता येत नाही, तुला माहीत आहे. पण बराच वेळ धरून ठेवलं.

तिला मी रोज फसवते आहे आणि रोज ती माझ्याकडे पाहून मान हलवते. हे मला सोसत नाही. मी किती दिवस तुझ्या वतीने प्रेमळ राहू? मला ते जमत नाही. माझाच आवाज नीट नाही, तुझा कुठून काढू? फोन कर रे. शिव्या घालायच्या असतील तर मला घाल, पण कर.

हेसुक


११ फेब्रुवारी

इनचोल,

तुला बसमध्ये बसवून मी घरी आले आणि लगेच लिहायला बसले नाही. चार दिवस घर धूत होते. आज बसले आहे.

आईच्या अंत्यविधीच्या वेळी जेवणाच्या हॉलमध्ये, सगळे लोक तिखट सारात भात कालवून जेवत होते, तू दंडाला शोकाची पट्टी बांधून माझ्याजवळ आलास आणि विचारलंस, "ताई, मी येतोय हे आईला कळलं होतं ना?" मी हो म्हटलं. ते खरं आहे. तिला सांगितलं होतं. पण तू "हो" ऐकून ज्या चेहऱ्याने पुन्हा आपल्या जागी जाऊन बसलास, तो चेहरा मला रोज दिसतो आहे. म्हणून उरलेलं लिहिते. नंतर कुणा दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. प्यो बाई तिथे होत्या, त्यांना माहीत आहे.

त्याआधीच्या मंगळवारी तुझा फोन आला, खराखुरा. मी परसातच होते. तू म्हणालास, "ताई, मी सोल्लालला येतो." मी ओरडले तुझ्यावर, की सोल्लालच्या सणापर्यंत ती राहणार नाही. मग तू म्हणालास शनिवारी. मी म्हटलं, थांब, आईला फोन देते. आणि तू म्हणालास, "नको नको ताई, फोनवर मला काही सुचणार नाही. समोर येऊन बोलेन. तू फक्त सांग."

मी तुला दोष देत नाही. समोर बसून बोलायचं म्हणजे आधी घाबरायचं, हे आपल्या घरचं वळण आहे. मी पळत आत गेले. त्याच सकाळी प्यो बाईंनी सांगितलं होतं की आता दर दोन तासांनी आईला वळवू नका. तिचे गुडघे निळसर झाले होते. मी म्हटलं, पण पाठ? त्या म्हणाल्या, "पाठीची काळजी संपली, हेसुकताई. आता हलवलं तर फक्त दुखेल." इतके दिवस तिला वळवण्यासाठी मी सगळ्यांशी भांडले, तिच्याशी, काकूंशी, तुझ्याशी. माझे हात रिकामे झाले आणि मला कळेना ते कुठे ठेवू. अशा वेळी तुझा फोन आला. तू मला केवढं दिलंस हे तुला कळणार नाही.

मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, इनचोलचा फोन होता. तो येतोय. शनिवारी."

ती शुद्धीवर होती. डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि हसली. दात नसलेलं हसू. मला वाटलं, झालं. एवढ्यासाठीच तर सगळं होतं.

मग म्हणाली, "पुरे गं आता."

"काय पुरे?"

"उतरले ना मी त्याच्या दगडावरून? मग आता कशाला?"

मी म्हटलं, "आई, खरंच. खरंच आला होता फोन."

"हो हो. पहिल्यांदाही खरंच आला होता." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण थट्टा तीच. "त्याने पाठीचं विचारलं म्हणालीस ना, तेव्हाच कळलं. त्याने जन्मात कुणाच्या पाठीची चौकशी केली आहे का?"

"मग उतरलीस कशाला?"

"तुझ्याकडे बघवत नव्हतं," ती म्हणाली. "चेहरा कसा झाला होता तुझा."

इनचोल, हे मी तुला मुद्दाम सांगते आहे, कारण ते माझं आहे आणि मला ते कुठेतरी लिहून ठेवायचं होतं. आयुष्यभर मला वाटत आलं की तुझ्या नावाशिवाय आई माझं काही ऐकत नाही. आणि ती उतरली होती ती माझ्यासाठी. तुझ्या नावाची गरजच नव्हती. मी नुसतं म्हटलं असतं, आई, माझ्याच्याने आता हे बघवत नाही, तर कदाचित डिसेंबरातच उतरली असती. मी ते कधी म्हटलं नाही. तिला जखम दाखवली, गादी दाखवली, डॉक्टर, नर्स, तू, सगळे दाखवले. माझं स्वतःचं तेवढं राहून गेलं.

पण तुझं काय? मी फोन काढून तुझा नंबर तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिला दिसत नव्हतं. मी परत लावला. वाजत राहिला, तू उचलला नाहीस. शिफ्ट लागली असेल, या वेळी मी ते खरं मानते. तीनदा लावला. प्यो बाई पण म्हणाल्या, "आजीबाई, खरंच येतोय मुलगा, मी शप्पथ घेते." आई त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "तुम्हीपण हिला सामील?" आणि पुन्हा हसली. रागावली नाही. तिला वाईट वाटलं नाही. ते तुला कळावं. तिने माझा हात थोपटला, जसं लहान मूल खोटं बोलताना सापडलं की आपण थोपटतो.

बुधवारी ती बोलली नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी, खिडकीत ऊन आल्यावर गेली. त्या खोलीतली हीटिंग मी स्वतः बंद केली. तू शनिवारी दुपारी दारात उभा होतास, हातात सफरचंदांची पेटी घेऊन. बोंगह्वाला सफरचंदं घेऊन आलास, इथल्या बाजारात तीच विकतात. तेव्हाही मला हसू आलं, आणि मग मी तुझ्या गळ्यात पडले.

मी तुला माफ केलं आहे की नाही ते मला अजून माहीत नाही. तू मला करशील की नाही तेही माहीत नाही. तुझ्या खऱ्या फोनची जागा माझ्या खोट्या फोनांनी आधीच खाऊन टाकली होती. तू आलास, आणि तुझ्यासाठी आत जागाच उरली नव्हती.

तिला सांगितलं होतं, इनचोल. स्वच्छ, कानाशी, तुझ्याच शब्दांत. तिला वाटलं, मी पुन्हा तिला मऊ जागेवर निजवते आहे.

ताई